तीन राज्यांची पंगत आणि शेवटचा शंख

जेवत्या तोंडाला वाईट बातमी सांगायची नाही. आणि का सांगायची नाही, हे विचारायचं नाही.

हा नियम तांबोशीला अंड्यातून बाहेर आल्या आल्या सांगण्यात आला. तेव्हा ती तांदळाच्या कणीएवढी होती. नियम तिच्यापेक्षा बराच मोठा होता.

मुलांनो, नीट बसा. घरातली मोठी माणसं आसपास असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा. ती गोष्ट ऐकत नाहीत, मध्येच आपली सांगायला लागतात.

तर एका जंगलात एकही पान नव्हतं. झाडं होती, फांद्या होत्या, ढोल्याही होत्या, पण सगळं दगडासारखं टणक. कारण हे जंगल समुद्राच्या तळाशी होतं आणि पोवळ्याचं होतं. पोवळं म्हणजे दगड नव्हे बरं का. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपली घरं बांधत जातात. ते जिवंत असेपर्यंत जंगल रंगीत असतं. ते मेले की जंगल पांढरं पडतं.

या एका जंगलावर तीन राज्यं होती. उगवतीचं, मधलं आणि मावळतीचं. त्यांच्या सीमा फक्त मोठ्यांना दिसायच्या. पोवळ्याची पिल्लं उगवतीला जन्मायची आणि प्रवाहाबरोबर वाहत जाऊन मावळतीला घर करायची. त्यांना कुणी परवाना विचारला नव्हता. वाळूला, भरतीला आणि गाळालाही कुणी विचारला नव्हता.

तिन्ही राज्यांचं एकमेकांशी कशावरूनही भांडण व्हायचं. एका बाबतीत मात्र त्यांचं एकमत होतं. पाहुणा आला की त्याला जेवायला बसवायचं, आणि बसवला की उठू द्यायचं नाही. पाहुणा नको म्हणाला तर अजून एक वाढायचं. त्याने ताटावर पोहायचा पर आडवा धरला तर पराच्या फटीतून वाढायचं. पाहुण्याला घरी जाताना नीट पोहता आलं, तर यजमानाची नाचक्की. आणि परत बोलावणं आलं, की मागच्या पंगतीपेक्षा एक पदार्थ जास्त.

तांबोशी ही तांबूस मासोळी मधल्या राज्यात राहायची. तिचं घर एका फांद्याफांद्यांच्या पोवळ्यात होतं. लांबून ते सांबराच्या शिंगांसारखं दिसायचं. लहानपणी ती किनाऱ्यावरच्या खारफुटीच्या शाळेत शिकायला होती. तिथे मुळांची इतकी दाटी असते की मोठे मासे आत शिरू शकत नाहीत. मोठे नसल्यामुळे शिक्षण भराभर होतं. तांबोशी शिकून परत आली, तेव्हा तिला प्रश्न विचारायची सवय लागली होती. घरच्यांनी ती मोडायचे बरेच उपाय करून पाहिले.

एके दिवशी उगवतीच्या राज्यातून पाकटमावशी आल्या. त्या तिथल्या प्रमुख. त्या फार महत्त्वाचं काहीतरी सांगायला आल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. पण पाकट म्हणजे ताटासारखा पसरट मासा, त्याचा चेहरा मुळातच चपटा असतो, त्यामुळे तो उतरलाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मधल्या राज्याचे प्रमुख होते गोब्राअण्णा. गोब्रा म्हणजे खडकात राहणारा थोराड मासा. भलंमोठं तोंड, जाड ओठ, आणि तोंड कायम उघडं. त्यांनी मावशींना हाताला धरून, म्हणजे पराला धरून, पंगतीत बसवलं. भरला शंख वाढला. तिन्ही राज्यांत मानाच्या पाहुण्याला भरला शंखच वाढायचे. शंख म्हणजे पाठीवर आपलं घर घेऊन फिरणारा मोठा, जाडजूड गोगलगायीसारखा प्राणी. तो मऊ लागतो आणि पळत नाही. मानाच्या पदार्थाला आणखी काय लागतं.

मावशी दोन दिवस जेवल्या. मग सगळं खुशाल आहे, तुमची कृपा आहे, असं म्हणून परत गेल्या.

पुढच्याच आठवड्यात मधल्या राज्यात काटेरी तारामासे दिसले.

हे काटेरी तारामासे कसे असतात ते सांगते. दोन्ही हातांत मावणार नाही एवढी थाळी डोळ्यांसमोर आणा. तिला कडेने पंधरावीस हात लावा. हातांवर विषारी काटे उभे करा. आता ती थाळी पोवळ्यावर चढवा. तिथे बसून ती आपलं पोट तोंडातून बाहेर काढते, पोवळ्यावर अंथरते आणि जागच्या जागी पोवळं पचवून टाकते. मग पोट आत घेते आणि पुढच्या फांदीवर जाते. मागे उरतो पांढरा सांगाडा.

पहिलं झाड पांढरं पडलं, तेव्हा अण्णा म्हणाले की छान उजळलंय. दुसरं पडलं, तेव्हा म्हणाले की ऋतूच तसा आहे. तांबोशीला राहवलं नाही. ती सीमा ओलांडून थेट पाकटमावशींकडे गेली. बघते तर काय, उगवतीचं जंगल या टोकापासून त्या टोकापर्यंत चुन्यासारखं झालेलं. एक मासा नाही, एक झिंगा नाही. मावशी एकट्याच वाळूत अंग पुरून बसल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," तांबोशी म्हणाली.

"हो गं बाई. तेच सांगायला आले होते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कधी सांगणार? तुमचे अण्णा घास खाली ठेवतील तर ना. आणि मलाही उठू दिलं नाहीत. सोड ते. इतक्या लांबून आलीयस, काहीतरी खाऊन जा."

तांबोशी न खाता परत आली. उगवतीच्या राज्यात त्यानंतर बराच काळ तिच्या उद्धटपणाबद्दल बोललं जात होतं. म्हणजे एकट्या मावशीच बोलत होत्या.

परत आल्यावर तिने अण्णांना विनवलं. आपल्याला कुणी वेळेवर सांगितलं नाही, निदान आपण मावळतीला तरी वेळेवर सांगू या. तारामासा हळू चालतो. बातमी त्याच्या आधी सहज पोचेल. तिकडचं जंगल वाचलं, तर तिथली पिल्लं वाहत येऊन आपलंही जंगल पुन्हा उगवेल.

अण्णांना हे पटलं. पटलं की अण्णा लगेच शिष्टमंडळ नेमायचे. शिष्टमंडळात अण्णा होते, पाकटमावशी होत्या, आणि वाढायला कुणीतरी तरुण हवं म्हणून तांबोशी होती.

मावळतीचे प्रमुख शेवंडराव, म्हणजे झिंग्यांचे थोरले भाऊबंद. लांब मिशा, चिलखतासारखं अंग, चालणं बोलणं सगळं दरबारी. त्यांनी सीमेवर येऊन स्वागत केलं, मिशांनी तिघांनाही ओवाळलं आणि लगेच ताटं मांडली. भरला शंख, तळला शंख, शंखाचं कालवण.

तांबोशी वाढता वाढता वाट बघत राहिली. कधीतरी तिघांची तोंडं एकदम रिकामी होतील, मग सांगू. पण शेवंडराव एक घास इतका वेळ चावायचे की तेवढ्यात ओहोटी लागायची. अण्णांचं तोंड कायम उघडं, त्यामुळे ते जेवताहेत की नुसतेच बसलेत ते कळायचं नाही. आणि मावशींचं तोंड तर पोटाखाली. त्या कधी जेवतात आणि कधी नाही ते कुणालाच दिसायचं नाही, म्हणून त्या सतत जेवताहेत असंच सगळे धरून चालायचे.

एकदा तिने तोंड उघडलंच. अण्णांनी डोळे वटारले आणि शेवंडरावांच्या फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं, म्हणजे पर दाखवला. तिने पुन्हा वाढायला घेतलं. नियम तिच्यापेक्षा अजूनही थोडा मोठा होता.

शिष्टमंडळ परत आलं ते अतिशय आनंदात. शेजाऱ्यांचे संबंध कधी नव्हे इतके सुधारले होते. तीन राज्यांची मिळून एक पोवळं रक्षण परिषद स्थापन झाली होती. परिषदेने दर पौर्णिमेला भरायचं ठरवलं होतं, आणि कुणाच्या पौर्णिमेला कोणता पदार्थ, तेही ठरवलं होतं. पोवळ्याचं काय करायचं, ते पुढच्या बैठकीवर ठेवलं होतं.

पुढच्या बैठकीत तांबोशीने हट्टच धरला. तोंडी सांगता येत नसेल तर लिहून सांगा. शिंपल्यांवर कोरा आणि तिन्ही राज्यांत वाटा. वाचताना कुणी जेवत असेल तर तो त्याचा प्रश्न. मोठ्यांनी मान डोलावली. जनतेला जागं करायचं म्हटलं की मोठ्यांना हुरूप येतो, कारण त्यात स्वतः जागं व्हावं लागत नाही.

तांबोशीने मजकूर लिहिला. काटेरी तारामासे येताहेत. उगवतीकडून. तुमची घरं खातात.

मावशी म्हणाल्या की उगवतीकडून हा शब्द काढा, आमची उगीच बदनामी होते. शेवंडराव म्हणाले की येताहेत काढा, आमच्याकडे अजून आलेले नाहीत, लोक घाबरतील. काटेरी हा शब्द कुणाच्या तरी भावना दुखावेल म्हणून तिघांनी मिळून काढला. कुणाच्या, ते विचारल्यावर समजलं की कुणाच्या तरी. शेवटी अण्णांनी मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाले की खातात हा जेवणाचा शब्द आहे, वाईट बातमीत तो शोभत नाही.

उरलेला मजकूर खेकड्यांनी शेकडो शिंपल्यांवर सुबक अक्षरांत कोरला. तारामासे. तुमची घरं.

मावळतीच्या लोकांनी तो वाचला आणि तारामाशांसाठी चांगल्या हवेशीर ढोल्या झाडून ठेवल्या.

आता मुलांनो, गोष्टीतला शंख येतो. त्याला यायला उशीर झाला, कारण तो शंख आहे.

तांबोशीच्या झाडाच्या बुंध्याशी, खडकाच्या कपारीत, एक म्हातारा शंख राहायचा. त्याचं आणि तिचं कधी बोलणं नव्हतं. तो बाहेर आला की ती मान हलवायची. तोही हलवायचा, पण तोपर्यंत ती निघून गेलेली असायची.

एका सकाळी तांबोशीला जाग आली, तर बुंध्यावरून एक काटेरी तारामासा वर चढत होता. तिने शेजाऱ्यांना हाका मारल्या. शेजारी नाश्ता करत होते. तेवढ्यात कपारीतून म्हातारा शंख बाहेर आला आणि तारामाशाच्या दिशेने निघाला. तारामाशाने त्याला पाहिलं आणि तो जीव घेऊन पळत सुटला. पळणारा तारामासा आणि बसलेला तारामासा यांत चटकन फरक कळत नाही. पण शंखालाही घाई नव्हती. सकाळी सुरू झालेला तो थरारक पाठलाग दुपारपर्यंत चालला. तेवढ्यात तांबोशी दोनदा बाजारात जाऊन आली. तिसऱ्यांदा आली, तेव्हा शंखाने तारामाशाला गाठलं होतं. काट्यांसकट. शांतपणे तो त्याला खात होता.

तांबोशी जागच्या जागी थांबली. तिला सगळ्या पंगती आठवल्या. भरला, तळला, कालवणातला. तारामासे अचानक एवढे कुठून आले, हे परिषद बैठकीमागून बैठक विचारत होती, आणि विचारता विचारता त्याचं उत्तर चावून खात होती.

ती धावत अण्णांकडे गेली. अण्णा जेवत होते. संध्याकाळी गेली, अण्णा जेवत होते. दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हा अण्णा झोपले होते आणि झोपलेल्या वडीलधाऱ्यांना उठवायचं नाही असा आणखी एक नियम होता. त्याचंही कारण विचारायचं नव्हतं. ती उशाशी बसून राहिली. अण्णांना जाग आली आणि तिने बोलायला सुरुवात करायच्या आत त्यांनी उशाखालचा झिंगा तोंडात टाकला.

"अण्णा, पंगतीत शंख वाढायचं बंद करा," तरी ती म्हणाली.

अण्णांनी घास गिळला.

"खारफुटीत चार अक्षरं शिकून आलीस म्हणून पाहुण्यांना काय उपाशी घालवायचं? ते काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत. त्यांची घरंच राहणार नाहीत."

"तुला कुणी सांगितलं?"

"डोळ्यांनी बघितलंय."

अण्णा प्रेमाने हसले. मोठी माणसं असं हसली, की समजावं आपलं बोलणं संपलं.

पुढची पौर्णिमा मधल्या राज्याची होती. मावळतीने मागच्या वेळी सहा पदार्थ केले होते, म्हणजे आता सात हवे होते. अण्णांनी माणसं चारी दिशांना पाठवली. पण मधल्या राज्यात एकही शंख मिळेना. उगवतीला तर काहीच मिळेना. मावळतीने आपले सगळे पूर्वीच वाढून टाकले होते.

परिषदेच्या दिवशी तिघं प्रमुख ताटांवर येऊन बसले. ताटं म्हणजे घासून चमकवलेले मोठे शिंपले. मागे एक फलक टांगला होता, त्यावर पोवळ्याचं चित्र होतं. चित्रातलं पोवळं रंगीत होतं.

अण्णांनी तांबोशीला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की तुझ्या झाडाखाली एक म्हातारा शंख आहे, मी येताजाता पाहिलाय, तो घेऊन ये. पाहुणे बसलेत, राज्याची अब्रू तुझ्या हातात आहे.

तांबोशी घरी गेली. तिच्या शेजारचं झाड पांढरं पडलं होतं. त्याच्या पलीकडचंही. पलीकडच्या वळणावर तारामाशांची रांग लागली होती, मंद, शिस्तीत, एखाद्या वरातीसारखी. रांगेच्या तोंडाशी तिचं झाड होतं, तपकिरी, गुलाबी, टोकाशी जांभळट, आणि झाडाच्या बुंध्याशी तो म्हातारा शंख. रांगेतला पहिला तारामासा त्याला बघून थबकला होता. त्याच्या मागचे सगळे थबकले होते. तीन राज्यांच्या परिषदेला जे जमलं नव्हतं, ते एक म्हातारा कपारीतून नुसता डोकं बाहेर काढून करत होता.

तांबोशीने त्याच्याकडे पाहून मान हलवली. या वेळी ती निघून गेली नाही. तोही मान हलवेपर्यंत थांबली. त्याला वेळ लागला.

मग ती पंगतीत परत आली. हातात ताट होतं. ताट रिकामं होतं.

तिघंही ताठ बसले होते. शेवंडरावांनी मिशा सारख्या केल्या. मावशींनी पर सावरले. अण्णा पाहुण्यांकडे बघून म्हणाले की पोरगी जरा लाजते. मग तिला म्हणाले, "तांबू, वाढ."

"वाढणार नाही."

"थट्टा पुरे. पाहुणे बसलेत."

"तो शंख मी आणलेला नाही आणि आणणार नाही. या तिन्ही राज्यांतला तो शेवटचा आहे. बाकीचे तुम्ही खाल्लेत. तारामाशांना खाणारे तेवढेच होते. उगवतीचं जंगल मेलंय, मावशी, तुम्ही एकट्या त्यात राहता. आमचं अर्ध्यावर आलंय. शेवंडराव, तुमच्याकडे झाडून ठेवलेल्या ढोल्या आहेत ना, त्या दिवाळीच्या आत भरतील."

पंगतीत खळबळ माजली. मावशी वाळूतून हातभर वर उडाल्या. शेवंडरावांच्या मिशा उभ्या राहिल्या. अण्णा लाल झाले, मग तपकिरी झाले, मग ठिपक्याठिपक्यांचे झाले. तिन्ही राज्यांत असं कधी घडलं नव्हतं. पाहुण्यांसमोर, भर पंगतीत.

"नियम आठवतो ना तुला?" अण्णा म्हणाले. "जेवत्या तोंडाला वाईट बातमी?"

"आठवतो," तांबोशी म्हणाली. "पण अण्णा, जेवतंय कोण? मी अजून वाढलेलंच नाही."

अण्णांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. मावशींनी आपल्या ताटाकडे पाहिलं. शेवंडरावांनी सवयीने गाल हलवून बघितला. गालात काही नव्हतं.

तिघांची तोंडं एकदम रिकामी होती. असं या समुद्रात कधी झालं नव्हतं, त्यामुळे रिकाम्या तोंडाने काय बोलायचं असतं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

अण्णांनी तोंड मिटलं. गोब्राला तोंड मिटता येतं, हे मधल्या राज्याला त्या दिवशी कळलं.



तात्पर्य: वडीलधारी मंडळी जेवत असताना त्यांना वाईट बातमी कधीही सांगू नये. ज्या दिवशी ती सांगायची असेल, त्या दिवशी चूल पेटवू नये.